नवसाचं नाक

आमच्या घरात त्या साली दोन नाकं टोचली गेली. एक पाखऱ्याचं आणि दुसरं माझं. पाखऱ्या गोऱ्हा होता, औताला धरायच्या वयाला आलेला, त्यामुळे त्याच्या नाकातली वेसण बघून कुणाला हसू आलं नाही. मला मिसरूड फुटलं होतं, आवाज फाटला होता, बेंबळीच्या शाळेच्या कबड्डी संघात मी चढाईला जायचो, आणि डाव्या नाकपुडीत सोन्याची तार घालून गावातून फिरत होतो. हसायला आख्खं गाव मोकळं होतं आणि गावानं या बाबतीत कधी काटकसर केली नाही.

हे का झालं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की म्हाताऱ्याला लहानपणापासूनच नटायची हौस होती. माझ्या आधी मायला दोन मुलगे झाले आणि दोघंही अंगावर पीत असतानाच गेले. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं तुळजापूरच्या आईला नवस बोलला: पोरगं जगलं तर त्याचं नाक टोचीन, आणि नाक भरून आलं की तीच तार तुझ्या पायावर आणून घालीन. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. पोरं जगत नसली की पोराचं नाक टोचायचं, म्हणजे यमाला वाटतं ही मुलगी आहे, आणि मुलगी न्यायला तो काही एवढ्या लांब येत नाही. यमाच्या दरबारीसुद्धा मुलीला किंमत नाही असा याचा सरळ अर्थ होतो, पण तो अर्थ काढत बसायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. माझ्या बारशाला सोनार आला. त्यानं सुई टेकवली आणि मी श्वास धरून असा काळानिळा पडलो की आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोनाराचं मनगट धरलं. "मेलंबिलं तर नवस फेडायचा कुणाचा?" असं ते म्हणाले म्हणतात. सोनार चहा पिऊन गेला. पुढच्या साली बघू असं ठरलं. पुढच्या साली पेरणी लांबली, त्याच्या पुढच्या साली आण्णांचं गुडघ्याचं दुखणं निघालं, आणि मग 'आता जगलाच की, कशाला उगं भोक पाडायचं' असं सगळेच म्हणायला लागले. माय दर नवरात्रात विषय काढायची आणि आण्णा दर नवरात्रात विषय निघाला की शेताकडं जायचे.

आता आत्या. ही आण्णांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर आमच्याच घरी राहायला आलेली. ती देवीची आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी हातात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायचा, आणि आरतीला अंगात यायचं. मी देवीची निंदा करत नाही, माझी तेवढी छाती नाही. पण आत्याच्या अंगातल्या देवीचा स्वभाव मला लहानपणापासून ठाऊक होता. आत्याला जे तोंडानं मागता येत नसे ते देवी मागायची. आत्याला लुगडं हवं असलं की देवी नागवी व्हायची, आत्याला सासरच्या जत्रेला जायचं असलं की देवी रुसायची. घुमणं संपलं की देवीला दोन कप चहा लागायचा, साखर जास्त. त्या सालच्या नवरात्रात मी बैलगाडीवरून पडलो, कपाळ फुटलं, आणि दोन दिवस अंथरुणावर होतो. त्याच आठवड्यात आत्याच्या भाकरीवर तूप जरा जास्त दिसायला लागलं. वाढायचं काम मायकडं होतं. मंगळवारी संध्याकाळी आरती चालू असताना आत्यानं केस सोडले, हुंकार दिला आणि आण्णांवर बोट रोखलं. "नाक कुठाय माझं?" ती ओरडली. "चौदा वर्सं वाट बघतेय, नाक कुठाय?" आण्णांनी दाराकडं बघितलं, पण दारात शेजारच्या बायका उभ्या होत्या, त्यामुळे शेताकडं जायची सोय राहिली नव्हती.

सोनार आता म्हातारा झाला होता. माझ्या बारशाला आलेला राग त्यानं एवढी वर्षं जपून ठेवला असावा, असं मला त्याच्या हातावरून वाटलं. मला पाटावर पूर्वेकडं तोंड करून बसवलं. मायनं डोकं धरलं, आत्यानं पाय धरले, आण्णा गोठ्यात गेले. सोन्याची तार टोकाशी घासून अणकुचीदार केलेली होती, वेगळी सुई नाही. नाकाला कूर्चा असते हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण ती टोचताना डोक्याच्या आत वाळकी शेंग फोडल्यासारखा आवाज होतो हे पुस्तकात नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते रडणं नव्हतं, त्याचं त्याचं आलं. मग त्यानं चिमट्यानं तारेला पीळ देऊन कडं केलं. आणि नेमकी त्याच वेळी मला शिंक आली.

त्या दिवसापासून माझं नाक माझं राहिलं नाही, ते घराचं झालं. माय सकाळी खोबरेल तेल पळीत गरम करायची, त्यात हळद घालायची, आणि बोटानं ते लावून तार मागंपुढं फिरवायची. तार फिरवली नाही तर मांस धरतं म्हणे. रात्रीतून आलेली खपली तारेला चिकटलेली असायची आणि ती फिरताना मला पूर्वज आठवायचे. आंबट बंद. वांगं बंद, कारण वांग्यानं खाज सुटते. तिखट बंद, कारण तिखटानं नाक वाहतं. मटण बंद, ते का हे कुणी सांगितलं नाही. मयताला जाऊन आलेल्या माणसाची सावली नाकावर पडायची नाही. बाकीच्यांनी येसराची आमटी आणि शेंगाची चटणी ओरपायची आणि मी कोपऱ्यात बसून तूपभात आणि गूळ खायचा, बाळंतिणीसारखा. त्यात एका दुपारी मायनं येसर करायला धने, मिरच्या, खोबरं तव्यावर भाजायला घेतलं. आमच्याकडं येसर भाजला की गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं ठसकतात. मी तोंडावर उशी दाबून माळवदाच्या छतावर पळालो, तरी सात-आठ शिंका आल्या, आणि प्रत्येक शिंकेला मला वाटलं की तार आता समोरच्या घरात जाऊन पडणार.

सगळ्यांत मोठा वैरी होता बनियन. शर्टाला बटणं असतात, तो निघतो. बनियन डोक्यावरून काढायचा असतो आणि अंगवळणी पडलेली गोष्ट माणूस विचार करून करत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळेतून येऊन मी सवयीनं बनियन खेचला आणि त्याची जाळी तारेत अडकली. आत डोकं, वर हात, आणि मी अंगणात आंधळा होऊन नाचतोय. आत्या बाहेर आली आणि तिला वाटलं माझ्याही अंगात आलं. तिनं हात जोडून "काय मागणं हाय?" असं विचारलं. "कातर!" मी आतून ओरडलो.

माझी नात पुण्याला असते. तिनं मागच्या महिन्यात भुवई टोचून घेतली. मी काही बोललो नाही, मला बोलायचा अधिकारच नाही. तिथं तिला एक फवाऱ्याची बाटली दिली आणि काळजी कशी घ्यायची याचा छापील कागद दिला. मी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हात लावू नका, फिरवू नका, खपली ओढू नका, मिठाच्या पाण्यानं धुवा, तेल लावू नका. मी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली, पण अंगाऱ्याविषयी कुठं काहीच नव्हतं.

कारण आमच्याकडं अंगारा होता. आत्याचं म्हणणं, नाक देवीचं आहे तर औषधही देवीचंच पाहिजे. माय तेल-हळद लावून पाण्याला गेली की आत्या परडीतला अंगारा चिमटीनं घेऊन त्याच्यावर दाबायची. माय पाण्याहून आली की तो पुसून परत तेल. दोघींचं एकमेकींशी बोलणं अगदी गोड चालायचं. "वन्सं, तुमी कशाला तरास घेताव," असं माय म्हणायची आणि "आगं, तरास कसला, माझंबी लेकरूच हाय की," असं आत्या म्हणायची, आणि दोघींच्या मध्ये माझं नाक तांबडं होत होत टमाट्यासारखं झालं. आण्णांनी एका सकाळी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "हळद लावा न्हायतर अंगारा लावा," ते म्हणाले, "पर दोन्ही कालवून पिठलं करू नका." एवढं बोलून ते गोठ्यात गेले. नाक पिकलं. त्यातून पू यायला लागला आणि डाव्या डोळ्याखाली सूज चढली.

इथं शाळेचा विषय येतो. दिवाळीनंतर भूमला शाळांचे कबड्डीचे सामने होते. आमचा संघ गरीब होता. अनवाणी, अर्ध्या चड्ड्यांचे रंग वेगवेगळे, पण चढाईत आमचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि चढाईत मी होतो. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय खरं, पण आता सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. आमचा कप्तान शिवा माझ्याच बाकावर बसायचा. तार बघितल्या दिवशी त्यानं "ह्याला वेसण घातली रं, आता औताला धरा!" म्हणून वर्गात हाळी दिली, आणि मग मी आत आलो की मागून 'च्यक च्यक' असा बैल हाकायचा आवाज सुरू झाला. ते मी सोसलं. पण खेळाच्या सरांनी बोलावून सांगितलं, "लिंबराज, अंगावर दागिना असला की पंच मैदानात उतरू देत नाहीत. नियमच आहे. पकडीत कुणाचं बोट अडकलं तर नाक हातात यायचं. भूमच्या आधी ती तार काढ." मी म्हटलं काढतो. मला वाटलं, काढायला काय लागतं?

काढायला काय लागतं ते मायनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. नाक भरून आलं की तार वाहीन, असं ती बोलली होती. भरून आलं की. ओल्या जखमेतली तार काढली तर नवस मोडला. म्हणजे गणित असं होतं: तार निघाल्याशिवाय भूम नाही, आणि नाक बरं झाल्याशिवाय तार नाही, आणि नाक तर दिवसेंदिवस भजं होत चाललेलं. मी मायशी भांडलो. ती चुलीत फुंकत होती, तिनं फुंकणी खाली ठेवली नाही.

मग मी आण्णांकडं गेलो, म्हणजे गोठ्यात गेलो. आण्णा कमी बोलणारे होते आणि जे बोलायचे ते जनावरांशी. माझं नाक टोचलं त्याच आठवड्यात पाखऱ्याला वेसण घातली होती. आण्णा रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून फडक्यानं त्याचं नाक धुवायचे, मग कोंबड्याच्या पिसानं करंजाचं तेल लावायचे म्हणजे माशी बसत नाही. ते करताना त्याच्याशी बोलायचे, "बास बास, झालं रं राजा, झालं माझ्या वाघा." हे शब्द त्यांना येतात हे मला माहीत नव्हतं. मी गव्हाणीला टेकून उभा राहिलो. पाखऱ्याचं नाक सुकत आलं होतं. मी म्हटलं, "आण्णा, ह्याचं माझ्यासंगंच टोचलं, ह्याचं बरं कसं झालं?" आण्णांनी पीस तेलात बुडवलं. "त्याला आत्या न्हाय," ते म्हणाले. मग पाण्याचं भांडं पुढं ओढून म्हणाले, "हिकडं ये. नाक कर."

त्यांनी तेच मिठाचं पाणी घेतलं, फडकं मात्र दुसरं घेतलं, एवढी मेहेरबानी. त्यांचा हात म्हणजे औताचं लाकडी रुमणं, पण त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि इतक्या हळू ती खपली भिजवली की मला दुखायचं तर सोडाच, मला काय करावं ते कळेना. मला आठवतंय तेव्हापासून त्यांनी माझ्या तोंडाला हात लावला नव्हता. मारायलासुद्धा नाही. "बास बास," ते म्हणाले, मग त्यांच्या ध्यानात आलं की हा पाखऱ्या नव्हे, आणि ते गप्प झाले. मला फार वाटलं की त्यांनी पुढचंही म्हणावं. शेवटी करंजाच्या तेलाचं पीस नाकावरून फिरलं. करंजाच्या तेलाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी सुखानं जगावं. "हात लावायचा न्हाय," आण्णांनी सांगितलं. "फिरवायचं न्हाय. त्याचं त्याला भरू द्यायचं." त्यांनी हे आत जाऊन मायला आणि आत्यालाही सांगितलं. दोघींना ते पटलं नाही, पण आण्णा सबंध वर्षात एखादंच वाक्य घरात बोलायचे, त्यामुळे ते चाललं. रोज सकाळी गोठ्यात दोन नाकं पुढं व्हायची. पू थांबला, सूज उतरली. पण भरून यायला वेळ लागणार होता आणि भूमचे सामने आठवड्यावर आले होते.

तेव्हा मी ठरवलं की देवीलाच गाठायचं. दोन-तीन दिवस मी माझ्या तूपभातातलं तूप वाटीत काढून आत्याला नेऊन दिलं. गुळाचा खडाही. शेवटी तिचे पाय दाबत म्हटलं, "आत्याबाई, आईला जरा इचारा की. ओल्या नाकाची तार चालंल का म्हणावं." आत्यानं बोटाला लागलेलं तूप चाटलं आणि म्हणाली, "इचारते बाबा. लेकराच्या खेळाचं आईलाबी कळतंय."

मंगळवार आला. आरती झाली, घंटा वाजली, उदाचा धूर खोलीत भरला. आत्यानं केस सोडले. शेजारच्या बायका हात जोडून पुढं सरकल्या. "सोडलं!" आत्या गरजली. "सोडलं म्या लेकराला! तार काढ त्याची! नाक वलं असलं तरी मला चालंल!" माझा हात आपोआप तारेकडं गेला. आण्णा खांबाला टेकून उभे होते, त्यांच्याही मिशीत काहीतरी हललं. सगळ्यांनी मायकडं बघितलं. मायच्या हातात आरतीचं ताट होतं. तिनं ते खाली ठेवलं, आत्याच्या पाया पडली, कुंकू लावलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, तू सोडलंस ह्ये तुझं मोठंपण. पर बोलले म्या हाय. म्या न्हाय सोडणार."

घुमणं थांबलं. देवीनं एक डोळा उघडून मायकडं बघितलं. "आगं, मीच सांगायलेय न्हवं!" देवी म्हणाली, आवाज जरासा आत्यासारखा झाला होता. "तू सांगशील," माय म्हणाली. "तू दयाळू हायेस." आणि ती चहा टाकायला आत गेली. देवीला काय करावं ते सुचेना. ती आणखी दोन-चार वेळा उगीच हुंकारली आणि मग लवकरच निघून गेली.

मी रागानं फणफणत स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, देवीनं स्वतः सोडलं आणि तू कोण अडवणार? मायनं माझ्याकडं मान वळवली. "तूप कुणी दिलतं आत्याला?" तिनं विचारलं. "तुपावर येती ती देवी म्या आणलेली हाय," ती म्हणाली. "तिला कसं आणायचं, कसं बोलवायचं, मला शिकवू नको. माझी आई तुळजापुरात बसलीय. तिला म्या काय बोलले ते तिला म्हाईत आन् मला म्हाईत." मी म्हटलं, एका तारेनं काय होणार आहे. तेव्हा तिनं चहाचं पातेलं उतरवलं आणि खाली बसली. "धाकट्याच्या येळी ओटी भरीन म्हणले व्हते. घरात समदे म्हणले, आता खळं पडलंय, पुढच्या मंगळवारी जाऊ. एका मंगळवारानं काय व्हतंय. त्यो मंगळवार त्यानं बघितला न्हाय." तिचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. चौदा वर्षं आमच्या घरात 'पुढच्या साली बघू' म्हणत होते, आणि त्यातली प्रत्येक रात्र ही बाई माझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघत झोपली असणार, हे मला त्या वयातही कळलं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. राग वेगळ्या खिशात असतो.

संघ भूमला गेला. मी फाट्यापर्यंतही पोचवायला गेलो नाही. त्या दिवशी मी पाखऱ्याला चरायला नेलं आणि बांधावर बसून एकट्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम मोजला. पोरं संध्याकाळच्या गाडीनं परत आली. शिवाचा घसा बसला होता. ते पहिल्याच सामन्यात हरले होते, थोडक्यात. "एक चढाई पायजे व्हती रं," एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं 'च्यक च्यक' कधी केलं नाही, ते जास्त लागलं. मी आज नातवंडांचा आजोबा आहे, गुडघे गेलेत, तरीही सांगतो, ती चढाई मी काढली असती. मी मायशी बोलणं टाकलं. जेवायला वाढलं की जेवायचं, हाक मारली की हुं करायचं. तिनंही मनधरणी केली नाही. आमच्या घरात ती पद्धत नव्हती.

नाक भरून आलं तेव्हा थंडी संपत आली होती. आण्णांनी एका सकाळी तार बोटानं हलवून बघितली, ती बैलाच्या वेसणीसारखी मोकळी फिरली. ना पाणी, ना खपली. "झालं," ते म्हणाले. त्यानंतरच्याच मंगळवारी मी आणि माय एसटीनं तुळजापूरला गेलो. आण्णा आले नाहीत, पाखऱ्याला पहिल्यांदा औताला धरायचं होतं. देवळातल्या कल्लोळ तीर्थावर अंघोळ झाली. सोनाराचा पीळ बोटांनी सुटेना, तेव्हा मायनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि दातांनी तो उलगडला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. रांगेत उभं राहून आम्ही आत गेलो, तिनं तार पुजाऱ्याच्या ताटात ठेवली. पुजाऱ्यानं ती नखानं उचलून उजेडात धरली. "एवढीशीच?" तो म्हणाला. "नाकच एवढंसं हाय त्याचं," माय म्हणाली आणि पाया पडली. ती पाया पडून उठेना. मागच्या माणसांनी ढकलायला सुरुवात केली तेव्हा मी तिला उठवलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही भाजक्या शेंगा खात बसलो. नाकातून वारा जरा वेगळाच आत जात होता. माय टरफलं पदरात गोळा करत होती. "तुझा त्यो खेळ ऱ्हायला माझ्यापायी," ती एकदम म्हणाली. "कसा आसतोय त्यो?" तिनं विचारलं. शाळेचं मैदान गावाच्या पलीकडं, बायका तिकडं फिरकत नसत, तिनं कबड्डी कधी बघितलीच नव्हती. मी रागात होतो, पण खेळाचं कुणी विचारलं की माझ्यानं राहवत नसे. मी बुटाच्या टोकानं, म्हणजे बूट नव्हतेच, अंगठ्यानं मातीत रेघ ओढली. म्हटलं, ह्या रेघेपलीकडं एकट्यानं जायचं, दम धरून. शिवायचं आणि परत यायचं. तिकडचे सगळे मिळून धरतात.

"धरून काय करत्यात?"

"सोडतच न्हायत. आपला दम तुटंपतूर."

"आन् तुटला मजी?"

"बाद. भाईर बसायचं."

मायनं हातातली शेंग फोडली नाही. रेघेकडं बघत राहिली. "दोघंबी तसंच गेले," ती म्हणाली. "थोरला दिसभर माझ्या मांडीवर व्हता. धाकटा दोन दिस. म्या धरूनच बसले व्हते रं. दम त्यांचा तुटला. म्या सोडलं न्हवतं."

गाडी लागली. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी लागली की माणसं खिडकीतून आत टोप्या टाकतात, दारात मुंग्यांसारखी चिकटतात. त्या गर्दीत मायनं माझं मनगट पकडलं, दोन वर्षांच्या पोराचं पकडावं तसं. आमच्या बेंबळीची चार माणसं तिथंच उभी होती आणि मला मिसरूड होतं. मनगट सोडवून घ्यायच्या जेवढ्या हिकमती असतात तेवढ्या सगळ्या मला येत होत्या. त्यातली एकही न वापरता मी तिच्या मागून गाडीत चढलो.